सगळं हिरवं, तरी खटकतंय

माझ्या मेहुण्याइतका संशयी माणूस खानदेशाने अजून पाहिलेला नाही, आणि त्याच्याइतका निष्कपटही पाहिलेला नाही, त्यामुळे त्याच्यावर फार वेळ रागावून राहता येत नाही ही माझी खरी अडचण आहे. लोक दुसऱ्यावर संशय घेतात, हा स्वतःच्या कामावर घेतो. काम बिघडलं की हा गडी शांत असतो, शीळ घालतो, भजी मागवतो. काम नीट झालं की मात्र त्याचं पित्त खवळतं. कपाळाला आठ्या घालून, चष्मा डोक्यावर चढवून तो जिना उतरून माझ्या दुकानात येतो आणि गंभीर आवाजात सांगतो, "दाजी, सगळं हिरवं झालंय. काहीतरी गडबड आहे."

पुण्यातली नोकरी सोडून तो धुळ्याला परत आला, तेव्हा माझ्या झेरॉक्सच्या दुकानावरची खोली नेमकी रिकामी होती. बायकोच्या धाकट्या भावाला 'खोली रिकामी नाही' असं सांगायची सोय देवाने जावयांना दिलेली नाही. तिथे बसून तो मोबाइलचं अ‍ॅप बनवतो. कापूस फुटला की आमच्याकडे वेचणीला बायका मिळत नाहीत, आणि पलीकडच्या गावात बायकांची टोळी कामाची वाट पाहत बसलेली असते. दोघांची गाठ फोनवर घालून द्यायची एवढंच ते अ‍ॅप करतं. शेतकऱ्याने 'उद्या वेचणी' असं कळवलं की निरोप टोळीला जातो, टेम्पो येतो, बायका वावरात हजर. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपं वाटलं होतं, म्हणून मी सुरुवातीला त्याला "महिनाभरात होईल ना?" असं विचारलं होतं, आणि त्यावर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिला ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

बिल्ड म्हणजे काय हे आता मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तो शब्द मी चहापेक्षा जास्त वेळा घेतो. लिहिलेलं सगळं एकत्र बांधून फोनमध्ये चालेल असा एक गठ्ठा करायचा, तो बिल्ड. हे काम संगणक करतो. मेहुण्याने तेवढा वेळ नुसतं बसायचं असतं, आणि तेच त्याला जमत नाही. तो खाली येतो. माझे कागदाचे गठ्ठे सरळ करतो, मशीनचं झाकण उघडून आत फुंकर मारतो, सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेल्या म्हाताऱ्याला "बाबा, तुमच्या फोनमध्ये जागा किती आहे?" असं विचारून घाबरवतो. मग वर जातो, परत खाली येतो. "झालं का?" म्हणून विचारावं तर म्हणतो, "पडलं." बिल्ड पडलं की मात्र चेहऱ्यावर तरतरी.

एकदा त्याचं हेच काम त्याच्या संगणकावर उत्तम चालत होतं आणि जळगावला बसून त्याच्यासाठी काम करणाऱ्या मुलीच्या संगणकावर हटकून पडत होतं. ती बिचारी रोज फोन करून सांगे, "सर, नाही होत." हा म्हणे, "माझ्याकडे होतंय." शेवटी या पठ्ठ्याने अख्खा संगणक, पडद्यासकट, चादरीत गुंडाळला आणि जळगावच्या एसटीत मांडीवर घेऊन बसला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं. तिथे पोचल्यावर उलगडा झाला तो असा, की बिल्डला लागणारी किल्ल्यांची, म्हणजे पासवर्डांची, एक फाइल फक्त याच्याच संगणकावर होती. ती कुणाच्या हाती लागू नये म्हणून ती बाहेर न पाठवण्याची तजवीज यानेच केली होती आणि करून विसरला होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. परत आला तो असा खुशीत, की मला वाटलं जळगावात स्थळ पक्कं झालं.

टेस्टचं प्रकरण त्याहून वाईट. लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याला एकटं गाठून 'तू नीट वागतोस का?' असं विचारायचं, त्याला टेस्ट म्हणतात. बरोबर उत्तर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. आता हिरवं आलं तर माणसाने पुढे जावं की नाही? हा जात नाही. हा मुद्दाम आपलंच काम एका जागी बिघडवतो आणि टेस्ट लाल होते का ते बघतो. "बिघडवल्यावरही जी टेस्ट हिरवी राहते ती लबाड असते, दाजी," हे त्याचं तत्त्वज्ञान. मी म्हणायचो, ठीक आहे, संगणकापुरतं ठीक आहे. पण एका रविवारी त्याने आमच्या घरच्या वरणातलं मीठ बायकोला सांगून काढायला लावलं. मी अळणी वरण भात कालवून मुकाट्याने जेवलो, तर हा टाळी वाजवून म्हणतो, "दाजी नापास!" बायकोने केलेल्या वरणाविषयी जेवताना बोलायचं नाही हा माझ्या संसाराचा पाया आहे, हे त्याच्या टेस्टमध्ये कुठे लिहिलं होतं?

रस्त्यात पत्ता विचारायचा तर आधी तो खोटा पत्ता विचारतो. आग्रा रोडवर एकाला त्याने विचारलं, "इथं गुलाबनाना पेंटर कुठे राहतात?" असा कुणी पेंटर नाही, ते नाव याने तिथल्या तिथे तयार केलेलं. समोरचा 'माहीत नाही' म्हणाला तर माणूस भरवशाचा, मग त्याला खरा पत्ता विचारायचा. 'सरळ जा, मग डावीकडे' म्हणाला तर बाद. त्या दिवशी पानाच्या टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने हात जोडले आणि म्हणाला, "गुलाबनाना? ते गेले ना मागच्या वर्षी. फार वाईट झालं." मेहुणा दिवसभर खिन्न होता. संध्याकाळी मला म्हणाला, "तरी चांगला माणूस होता म्हणे."

या सगळ्या संशयामागे एक माणूस होता, तो म्हणजे आबा, म्हणजे त्याचे वडील आणि माझे सासरे. नरडाण्याच्या पलीकडे त्यांचं गाव. सासूबाई गेल्यापासून तिथे एकटेच राहतात, धुळ्याला या म्हटलं तर "तठे काय करू? तुनं मशीन पुसू?" असं मलाच विचारतात. मुलाने पुण्याची नोकरी सोडली हे त्यांना पटलं नव्हतं, आणि सोडून जे धरलं ते तर दिसतच नव्हतं. नांगरट दिसते, विहीर दिसते, दुकान दिसतं. मुलगा दिवसभर काचेत बघत बसतो. "तुनं काम माले दिसत नही रे," एवढंच ते म्हणायचे. रागावून नव्हे, खरंच न दिसल्यासारखे. आणि आबांना एकदा तरी आपलं काम दिसावं यापलीकडे माझ्या मेहुण्याला आयुष्यात काही नको होतं. हे तो बोलला नाही, पण मला डोळे आहेत.

तर अ‍ॅपच्या त्याने दोन आवृत्त्या केल्या होत्या, एक 'घरची' आणि एक 'गावची'. गावची म्हणजे खरी, शेतकऱ्यांच्या आणि टोळ्यांच्या फोनमधली. घरची म्हणजे तालमीची. तिच्यात फक्त एकच वावर होतं, आबांचं, आणि तिचे निरोप माझ्या, बायकोच्या आणि जळगावच्या मुलीच्या फोनवर यायचे. मोठ्यात मोठं काम झेपतं का हे बघायला त्याने तालमीत आबांना जहागीरदार करून टाकलं होतं. प्रत्यक्षात आबांची जमीन बैलजोडीला कंटाळा येणार नाही एवढी, पण माझा फोन रोज सकाळी खणखणायचा, 'आबांच्या वावरात वेचणी. सर्व टोळ्यांनी यावे.' मी तो न वाचता पुसायला शिकलो होतो.

ऐन वेचणीच्या दिवसांत गावचीत काहीतरी अडलं. दोष सापडावा म्हणून त्याने तात्पुरती तिला घरचीतली माहिती जोडली, दोष शोधला, काढला, आणि ती जोडणी सोडवायची राहिली. टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या. अर्थात त्याला संशय आला. त्याने काम मुद्दाम बिघडवलं, टेस्ट लाल झाल्या. दुरुस्त केलं, पुन्हा हिरव्या. पडद्यावर आबांचं नाव त्याच्या डोळ्यांसमोरून कितीदा तरी गेलं असेल. पण जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या या माणसाला बापाचं नाव खटकणार कसं? त्याने ती गावची तशीच सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिली.

सकाळी एका टेम्पोवाल्याचा फोन आला. "भाऊ, आम्ही वावरात उभे आहोत. कापूस कुठे आहे?" आबांनी बोंडअळीला वैतागून कपाशीच्या पऱ्हाट्या कधीच उपटल्या होत्या. नांगरलेलं मोकळं रान होतं तिथे. मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. चुकीचं हसू होईल म्हणून नव्हे. ज्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडाली ती पुन्हा या निरोपावर घराबाहेर पडणार नाही, आणि तिने का पडावं? त्याने जे उभं केलं होतं ते त्या भरवशावरच उभं होतं. आणि ते कोसळणार होतं कुठे, तर आबांच्या बांधावर, त्यांच्या डोळ्यांदेखत. मी दुकानाचं शटर ओढलं आणि दोघं मोटारसायकलवर निघालो. मागे बसून तो सारखा चुळबुळत होता, दर दोन गाड्यांमागे "दाजी, हळू," आणि लगेच "दाजी, जरा जोरात" म्हणत होता. हायवेवर मला दोनदा वाटलं की हा आता उडी मारतो.

गावाबाहेर टेम्पोंची रांग लागलेली. निंबाच्या झाडाखाली बायकाच बायका, डोक्याला रुमाल बांधलेल्या, कमरेला वेचणीच्या ओट्या. आणि त्यांच्यामधून धुतलेली टोपी घालून आबा फिरत होते. बांधावरच्या तुरीच्या शेंगा त्यांनी बायकांकडूनच तोडून घेतल्या होत्या आणि मोठ्या घमेल्यात मीठ टाकून उकडायला ठेवल्या होत्या. शेजाऱ्यांच्या चुलीवर चहा चढला होता. "शेंगा खाईसन जावा," असं ते एकेकीला सांगत होते. लग्नघरात मुलीचा बाप फिरतो तसे फिरत होते. मी त्यांना सासूबाई गेल्यापासून असं पाहिलं नव्हतं.

मेहुणा गाडीवरून उतरला तशी एका टोळीची म्होरकी अक्का त्याच्यावर धावून आली. "भाऊ, दिवस गया ना आमना! कापूस नही, काही नही, काब्र बलावं आमले?"

आबा मध्ये पडले. "मना पोऱ्यानी बलावं व्हतं," ते म्हणाले, जणू बारशाला बोलावलं होतं. मग एवढ्या सगळ्या बायका मुलाच्या निरोपावर आल्या हे खरं न वाटून त्याच्याकडे वळून हळूच विचारलं, "ह्या बठ्ठ्या बाया तुना सांगावर उन्यात?"

"हा आबा. पन चुकी गयं."

"तुनी त्यासले पाह्यलं बी नव्हतं?"

"नही."

आबांनी त्या रांगेकडे, झाडाखालच्या गर्दीकडे, मग पुन्हा मुलाकडे बघितलं. "मंग काम शे तुनं," म्हणाले आणि शेंगांकडे निघून गेले. मेहुण्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला, पुसून झाल्यावरही पुसत होता. मग उठून प्रत्येक टोळीकडे गेला, हात जोडले, दिवस भरून देतो म्हणाला आणि दिला. काही टोळ्या थोडे दिवस रुसल्या, मग परत आल्या. त्यात शेंगांचाही वाटा असावा असं माझं मत आहे.

त्यानंतर तो वर खोलीत असा बसला की खाली यायचा बंद झाला. मला दुकानात करमेना. घरची आणि गावची एकमेकींना शिवू शकणार नाहीत अशी त्याने मधे भिंत बांधली. गावचीत तालमीचं एकही नाव शिरलं तर बिल्ड तयारच होणार नाही असं केलं, आणि ते खरंच होत नाही ना हे पाहायला नव्या टेस्ट लिहिल्या. आबांचं वावर त्याने समूळ काढून टाकलं. माझा फोन सकाळी गप्प झाला. पहिल्यांदाच मी त्याला एखाद्या कामावर पूर्ण विश्वास ठेवताना पाहिलं.

संक्रांतीला आम्ही दोघं तिळगूळ घेऊन गावी गेलो. निंबाखालची जागा झाडून घेतलेली, सारवलेली. ओसरीत एक नवंकोरं पातेलं, एकट्या माणसाने घ्यावं त्याच्या कैक पटीने मोठं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. आबा जरा वेळ दोरखंडाचं टोक सोलत बसले आणि मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "आखो एकदा तशी चूक व्हई का रे कव्हय?"

मेहुणा ताठ झाला. इतक्या दिवसांच्या मेहनतीची पावती मागितली होती कुणीतरी. "नही आबा," तो अभिमानाने म्हणाला. "आते कोनी कितलं बी करं तरी व्हनार नही. बठ्ठं पक्कं करी टाकं मी."

"बरं," आबा म्हणाले. उठून ते पातेलं त्यांनी आत नेऊन ठेवलं.

परत येताना तो मागे एकदाही हलला नाही. नरडाणा मागे पडलं, हायवे लागला. मग माझ्या खांद्याशी वाकून म्हणाला, "दाजी, इतकं पक्कं करायला नको होतं."