आधी मावंदं, मग कैलास

माझ्या आत्याचे यजमान हे या पृथ्वीतलावरचे एकमेव गृहस्थ असतील, जे स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच घरात परदेशी म्हणून राहिले. आत्याच्या मालकांना आमच्याकडं मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणे. बारामतीजवळ पणदऱ्याला त्यांचा पाटाच्या पाण्याखालचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं आणि साठी गाठेपर्यंत त्यांच्या डोक्यात गुळाखेरीज दुसरं काही शिरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी इंदापूरला कापडाचं दुकान चालवीत असे. स्वभावानं मी भित्रा, मागं भांडं पडलं तरी दचकणारा. असल्या माणसाच्या कपाळी देवानं असला नातेवाईक का लिहावा, हे मला अजून उमगलेलं नाही.

निमित्त झालं एका गोसाव्याचं. तीस सालानंतर केव्हातरी हा गोसावी कैलासाची यात्रा करून पणदऱ्याच्या देवळात उतरला. कैलास तिबेटात आहे, तिथं आपण परके, आपली भाषा तिकडं कुणाला कळत नाही, हवा अशी विरळ की चार पावलांत धाप लागते, आणि इतकं करून पर्वतावर चढायचं नाहीच, नुसती त्याला प्रदक्षिणा घालायची, असं सगळं त्यानं सांगितलं. ऐकणाऱ्यांनी हात जोडले आणि आपापल्या घरी जाऊन झोपले. मामा घरी आले आणि आत्याला म्हणाले, "मी कैलासाला चाललो." आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला वाटलं, नेहमीसारखे महादेवाच्या देवळात चाललेत. ती म्हणाली, "येताना राकेल आणा."

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. आमचा मुलूख पोळपाटासारखा सपाट, तिथं चढ आणायचा कुठून? मामांनी तो विहिरीत शोधला. घोंगडीत गुळाची ढेप बांधून ती पाठीवर घ्यायची, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचं आणि 'चढून' वर यायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं नुसतं डोकं विहिरीतून वर येत होतं, लालबुंद, डोळे बाहेर आलेले. मी किंचाळलोच. त्यावर मामा धापा टाकीत म्हणाले, "वरडू नगंस. हवा इरळ हाय." थंडीची सवय व्हावी म्हणून ते पहाटे पाटात गळ्याएवढ्या पाण्यात बसत आणि दिवसा, भर चैत्रात, इंदापुरात शिवून घेतलेला जाड लोकरीचा कोट घालून उसात हिंडत. त्यांना पाहून बैलसुद्धा बुजायचे. तिबेटात चहात मीठ आणि लोणी घालतात हे कळल्यावर त्यांनी माझ्या बायकोकडून तसला चहा करवून घेतला आणि मला आग्रहानं पाजला. त्या चहाबद्दल मी इतकंच म्हणेन की माझ्या शत्रूवरसुद्धा ती वेळ येऊ नये.

पण हे सगळं परवडलं म्हणायची पाळी आली ती परदेशीपणामुळं. गोसावी म्हणाला होता की परमुलखात माणूस तरतो तो खुणांवर. झालं! मामांनी घरात बोलणं सोडलं. दुपारी ते घरातून बाहेर जात, वळून परत दारात येत आणि अनोळखी वाटसरूसारखे उभे राहून दोन्ही तळव्यांनी थापल्यासारखं करीत. ही भाकरीची खूण. ओंजळ तोंडाशी नेली की पाणी. गालाखाली हात ठेवला की झोपायला जागा. आत्या पहिल्या दिवशी घाबरून देवाला नारळ बोलली, दुसऱ्या दिवशी रडली आणि तिसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं भाकरी वाढू लागली. शेवटी बायको ती, काय करील बिचारी!

एकदा हीच तालीम करायला ते इंदापूरच्या आठवडे बाजारात आले. आमच्या पेठेतला बागवान चाचा त्यांना वीस वर्षं ओळखत होता. कोट घातलेले मामा त्याच्यापुढं उभे राहिले आणि वांग्यांकडं बोट दाखवून डोळे मिचकावू लागले. "या मामा, लई दिसांनी," चाचा म्हणाला. मामांनी पुन्हा वांग्यांकडं बोट केलं. "काय झालं? बोलत का न्हाय?" मामांनी आकाशाकडं बोट दाखवलं. त्यांना म्हणायचं होतं, 'मी उंचावरच्या मुलखात आहे.' चाचाला वाटलं, यांची घटका भरली. त्यानं टोपल्या तशाच टाकल्या, मामांना धरून खाली निजवलं, कांदा फोडून नाकाशी लावला आणि ठणाणा केला, "पळा रं, मामाला फेपरं आलं!" मी दुकान उघडं टाकून धावलो. सगळा बाजार गोळा झालेला, आणि मध्ये मामा कांद्यानं झोंबलेले डोळे पुसत ओरडत होते, "अरं, तिबेटात कांदा न्हाय हुंगवत कुणी! समदा घोळ केलास!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

हसता हसता ही गोष्ट कुठं चालली आहे, ते मला आत्यानं दाखवलं. ती एकटी बैलगाडीनं इंदापूरला आली आणि उंबऱ्यातच बसली. "त्या गोसाव्यासंगं आणखी तिघं गेलं हुतं, लेकरा. परत त्यो एकटाच आला. ह्यांचं गुडघं धड न्हाईत. हे गेलं तर माघारी येत न्हाईत बघ." मी त्याच दिवशी पणदऱ्याला जाऊन मामांना हात जोडले, नाही नाही ते बोललो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग, मला तुझी भाषा कळत नाही, अशी खूण केली.

तेव्हा आत्यानं डोकं चालवलं. यात्रेहून माणूस सुखरूप परतला की गावाला जेवण घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. जेवून उठलेला जो तो यात्रेकरूच्या पाया पडतो, की चला, त्या पायांचं पुण्य आपल्यालाही लागलं. आत्या मामांना म्हणाली, "जावा खुशाल. पर आधी मावंदं घाला. तुमी आलासा न्हाय आलासा, गाव उपाशी ऱ्हायला नगं." मामांना हे भलतंच पटलं. आत्याचा हिशेब वेगळा होता. एकदा मावंदं झालं म्हणजे यात्रा झाली, आणि झालेल्या यात्रेला कोण निघतो? गावातल्या वयोवृद्ध आबांनाही तिनं हे आधीच पढवून ठेवलं होतं.

पाटाकडेच्या आंब्याखाली पंगती बसल्या. पुरणपोळी, आमटी, वर मामांच्याच गुळाचा खडा. जेवण झाल्यावर आबा उठले, मिशा पुसल्या आणि ठरल्याप्रमाणं म्हणाले, "मावंदं जेवलो, यात्रा पावली. आता कुठं जायचं न्हाय, घरीच ऱ्हावा." आणि ते मामांच्या पाया पडले. त्यांच्यामागं सगळं गाव रांगेनं पडलं. आत्या पदराआडून बघत होती. मला वाटलं, सुटलो बुवा!

मामांकडं पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक. "अवं, ह्ये काय क्येलंसा?" ते पुटपुटले. "ह्या पायांनी अजून शीव वलांडली न्हाय. न केलेल्या यात्रंचा नमस्कार घेतला मी! आता तर जायलाच पायजे." तोवर अर्धी हौस होती, आता कर्ज झालं. आत्याच्या हातातली परात खाली पडली, आणि त्या दिवशी मी त्या आवाजानं दचकलोसुद्धा नाही.

आठवड्याच्या आत मामा बारामतीच्या टेसनात दौंडच्या गाडीत बसले. अंगात कोट, पाठीवर घोंगडी. आत्या एका शब्दानं अडवायला गेली नाही. फक्त मामा म्हणाले, "समद्या गावानं पाया पडून घेतलं, तू तेवढी ऱ्हायलीस," तेव्हा ती म्हणाली, "तुमी माघारी आल्यावर पडीन." गाडी हलली तशी ती तोंड फिरवून उभी राहिली.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी आली. पत्र नाही, निरोप नाही. लोक आत्यापुढं मामांचं नाव घेईनासे झाले. दिवाळीला मी पणदऱ्याला होतो. दुपारी दारात कुणीतरी उभं राहिलं. काळाठिक्कर, हाडाचा सापळा, दाढी छातीपर्यंत. मला वाटलं गोसावीच आला, आणि मी आतून पीठ आणायला उठलो. त्या माणसानं दोन्ही तळव्यांनी थापल्यासारखं केलं.

आत्या म्हणाली, "बाबा, कुठल्या मुलखाचं तुमी?" तिनं तिथंच उंबऱ्यात त्यांच्या भेगाळल्या पायांवर डोकं ठेवलं, ते किती वेळ उचललंच नाही. मामा घाबरून, "अगं ऊठ, अगं लोक बघत्यात," म्हणत होते. लोक नव्हते, मी एकटाच होतो, आणि मला तरी कुठं नीट दिसत होतं!

कैलासाबद्दल मामा फारसं कधी बोलले नाहीत. "हाय. लई मोठा हाय," एवढंच. त्यांच्या खुणा मात्र तिकडं साफ वाया गेल्या होत्या. तिबेटात भाकरी थापतच नाहीत, त्यामुळं ते थापू लागले की लोकांना वाटे म्हातारा भजन करतोय, आणि तेही समोर बसून टाळ्या वाजवीत.

त्या खुणा कामाला आल्या त्या पुढं काही वर्षांनी. मामांच्या अंगावरून वारं गेलं आणि त्यांची वाचा बसली. वैद्य, पाहुणे, मी, सगळे बिछान्याभोवती बावळटासारखे उभे. ते काही सांगू बघत आणि आम्हाला ओ का ठो कळत नसे. आत्याला सगळं कळे. तिची सगळी तालीम झालेली होती. शेवटच्या दिवशी सकाळी मामांनी बरा असलेला एक हात उचलला आणि अंथरुणावरच हळूहळू थापला. वैद्य म्हणाले, "आता काही खाणार नाहीत ते." आत्या तरीही चुलीकडं गेली आणि तिनं भाकरी टाकली.