कन्यादानाचा पाट आणि तिसगावातले तीन दिवस

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घरात हॉलची, जेवणाची, साड्यांची काळजी सुरू झाली. मला काळजी होती ती माझ्या उजव्या गुडघ्याची. कन्यादानाला पाटावर मांडी घालून दीड-दोन तास बसायचं, आणि मला दहा मिनिटंही बसवत नाही. आमचं घराणं भिक्षुकीचं. माझे वडील म्हातारपणीसुद्धा पाटावर ताठ बसायचे. मी एकोणसाठाव्या वर्षी मांडवात खुर्ची मागायची म्हणजे नाक कापून घेणं. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून महिनाभर पद्मासन रेटलं आणि गुडघा आणखी सुजवून घेतला. शेवटी बायको, वसुधा, म्हणाली, "अहो, कुणातरी माणसाला दाखवा. मोबाईलला तुमचा गुडघा दिसत नाही."

डॉक्टरांनी तपासून व्यायामाला हरकत नाही म्हटलं. मग एका मित्राने तिसगावजवळच्या मंदाताई सुचवल्या. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या या बाई आता शेतातल्या घरी चार-पाच जणांना ठेवून घेतात आणि योग शिकवतात. राहणं-जेवण धरून दिवसाला आठशे रुपये.

जानेवारीतल्या सकाळी पुण्याहून एसटीने निघालो. सुप्याचे कारखाने मागे पडले तोवर खिडकीतलं ऊन मांडीवर आलं होतं आणि मी अर्धवट झोपेत होतो. नगरला गाडी बदलली. करंजीचा घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी सुरू झाली, आणि मला वाटू लागलं की बस चालत नाहीये, शेतंच हळूहळू मागे वाहत चालली आहेत. उतरावंसं वाटत नव्हतं. (जाणाऱ्यांनी नगरहून पाथर्डीची गाडी धरावी, ती तिसगावला थांबते.)

दुपारी पोचलो. मला वाटलं, लगेच आसनं सुरू होतील. मंदाताईंनी सगळ्यांना शेतात हुरडा खायला नेलं. गोवऱ्या पेटवलेल्या आगटीभोवती बसायचं, गरम कणसं चोळून घ्यायची, शेंगदाण्याच्या चटणीशी खायची. धूर उन्हात तरंगत होता. मी मोठ्या दिमाखात मांडी घातली, मग एक पाय लांब केला, मग दुसरा, मग हातावर रेललो. शेवटी बांधाला धरून उठलो.

"झाली तुमची तपासणी," मंदाताई म्हणाल्या. "वर्गात माणूस नाटक करतो भाऊ. हुरडा खाताना न्हाई करत. तुम्हाला खुर्चीवरचा योग."

"पण मला मांडी घालायचीय. महिन्याभरात मुलीचं लग्न आहे."

"गुडघ्याला विचारलं का लग्नाचं?"

मी रागावलो. खरं सांगतो, रात्रीच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांची चवही नीट घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी धुक्यात वर्ग भरला. माझ्या शेजारी कौसाबाई होत्या. साठीच्या, गावातल्याच, वर्षानुवर्षं ऊसतोडीला गेलेल्या; यंदा कंबरेमुळे मागे राहिलेल्या. त्या एवढ्या सहज उकिडव्या बसल्या की मला हेवा वाटला. आणि मंदाताईंनी त्यांना काय दिलं? गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणं पडायचं आणि श्वास मोजायचा. बस्स.

"तुम्हाला तर सगळं जमेल," मी म्हणालो.

"जमतंय म्हून तर कंबर गेली दादा," त्या आडव्याच बोलल्या. "वाकायचं लई झालं. आमाला पडायचं कुनी शिकवलंच न्हाई. पैल्या दिशी तर लाज वाटली, दिसाउजेडी कोन पडतंय म्हून."

नंतर त्या चक्क झोपल्या. ज्वारीवरून धुकं उठत होतं, कुठूनतरी पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता, आणि मी खुर्चीवर बसून एकेक पाय सावकाश सरळ करत होतो. कितीतरी महिन्यांनी गुडघा गप्प होता. मला एकदम भरून आलं. एवढे दिवस मी त्याच्याशी शत्रूसारखा वागत होतो.

तिसऱ्या दिवशी निघताना मंदाताईंना विचारलं, आपल्याला काय झेपतं हे ओळखायचं कसं? त्या म्हणाल्या, स्नायूत ताण आला तर चालेल, सांध्यात टोचलं तर तिथेच थांबा. आणि आज काय जमलं त्यापेक्षा उद्या सकाळी अंग कसं आहे ते बघा. वाचणाऱ्यांनीही आसन निवडताना एवढं करावंच. मांडीचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, महिन्याभरात जमणार नाही.

परतीच्या बसमध्ये घरी सांगायचं वाक्य घोळवत होतो. घरी पोचलो तर वसुधा टेबलाशी बसून आमंत्रणपत्रिकांवर नावं लिहीत होती. समोर बसून सांगून टाकलं, "अगं, मांडवात मला खुर्ची लागेल."

तिने पेन खाली ठेवलं. "मग दोन सांगा."

"दुसरी कुणाला?"

"मला. माझे गुडघे दोन वर्षांपासून दुखतायत. तुम्ही पाटासाठी एवढे झटत होतात, म्हटलं मी कशाला मोडता घालू."

ती चहा ठेवायला उठली. उठताना तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, क्षणभर थांबली, मग सरळ झाली. आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. ती कशी उठते, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.