काठ जुळवले

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीपाशी. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. नववीच्या वर्गाच्या खिडकीतून खाली एक उंच, काटकुळे गृहस्थ दिसले. भिंतीच्या अगदी कडेने, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला भिडवत ते चालत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. टोकाला गेले, थांबले, परत आले. तिसऱ्या खेपेला अख्ख्या वर्गाच्या माना खिडकीकडे वळल्या, तेव्हा मी खाली गेले.

"काय हवंय आपल्याला?"

"काही नाही बाई. ही भिंत वाकडी आहे."

"फार जुनी भिंत आहे. पहिल्यापासून तशीच आहे."

"तेच म्हणतोय. मी सरळ काढलीय."

मग त्यांनी खुलासा केला. मोजणी कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते आणि दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. मोजणीदार उन्हातान्हात जाऊन जमिनीवर मापाची साखळी टाकायचे, वहीत आकडे लिहून आणायचे, आणि हे टेबलावर वाकून त्या आकड्यांची गल्ली करायचे. चौतीस वर्षं त्यांनी हे शहर काढलं होतं. पाहिलं मात्र होतं घर, बसचा थांबा आणि कचेरी एवढंच. आता ते आपण काढलेलं शहर पाहायला निघाले होते. एकटेच. आमच्या भिंतीला पाण्याच्या टाकीपाशी हातभर बाक होता. तो वहीत राहून गेला असावा, असं म्हणून त्यांनी माझी माफी मागितली, जणू मीच ती भिंत होते.

मुलांनी त्यांचं नाव पट्टीकाका ठेवलं. ते इतकं चपखल बसलं की पुढे मीही तसंच म्हणू लागले. राहायला ते आमच्याच गल्लीत निघाले, दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायची. काका आणि वहिनी हे नवरा-बायको कसे, असं विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी ते सकाळी आठला निघत. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात डबा, पाण्याची बाटली आणि एक पेन्सिल. नकाशा नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नकाशा घेतला की माणूस नकाशाच बघतो बाई." वहिनींचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्यांनी बरोबर जाण्याचा प्रश्न नव्हता. पण त्यांच्या तोंडाला काही झालेलं नव्हतं. "चौतीस वर्षं मान वर केली नाही," त्या म्हणत, "आणि आता घरात पाय ठरत नाही. मला आपली मधली काही वर्षं मिळाली असती तर बरं झालं असतं."

संध्याकाळी परतले की बूट काढायच्या आधीच ते बोलायला लागत. मी शेजारधर्म म्हणून बसलेली असे. खरं तर ऐकायलाच बसलेली असे. फक्त तराजू दुरुस्त करणाऱ्यांची एक गल्ली त्यांना सापडली होती. तिथे प्रत्येक दुकानात पारड्यात काहीच नसतं आणि तरी सगळे टक लावून काट्याकडे बघत असतात. एक सत्याहत्तर पायऱ्यांचा जिना होता, तो चढून गेलं की वर काहीच नव्हतं, नुसता कठडा. जुन्या दुकानांच्या पाट्या खरवडून विकणारा एक म्हातारा होता, त्याच्या अंगणात बंद पडलेल्या दुकानांची नावं उन्हात वाळत पडलेली असत. हे कुठल्या पर्यटनाच्या पुस्तकात नव्हतं. पट्टीकाकांना त्याचं फार अप्रूप होतं. आयुष्यभर ज्याच्याशी पत्रव्यवहार केला तो माणूस एकदाचा भेटावा, तसा त्यांचा चेहरा दिसे.

अशी दोन वर्षं गेली. मग एका शुक्रवारी ते आले आणि काही न बोलता बूट काढून बसले. वहिनींनी चहा पुढे केला. तो निवत गेला.

"पाय दुखतात का?" वहिनींनी विचारलं.

"एक गल्ली सापडली."

"मग चांगलंच झालं की. रोज सापडतात."

"ही नाहीये," पट्टीकाका म्हणाले. "मी काढलेलीच नाही."

जुन्या दोरखंडाच्या गोदामामागे, गोदाम आणि एक बंद छापखाना यांच्या मधल्या फटीतून ते आत शिरले होते. फट इतकी अरुंद की पिशवी पुढे धरावी लागली. आत एकोणीस घरं होती. बैठी, पत्र्याच्या छपराची, पण पक्क्या विटांची आणि चांगली जुनी. एका उंबऱ्यावर एक बाई शर्टांचा ढीग घेऊन काजं करत बसली होती. कारखान्यातून शर्ट येत, त्यांना ती काजं-बटणं करून परत देई. गल्लीतले लोक तिला काजमावशी म्हणत. त्यांना पाहून ती म्हणाली होती, "चुकलात का? आमच्याकडे कुणी चुकल्याशिवाय येत नाही."

ती गल्ली का नव्हती, ते त्यांनी आम्हाला त्या संध्याकाळी समजावून सांगितलं. शहर मोठं, म्हणून कचेरीत त्याचे चौकोन पाडलेले असत. एक चौकोन म्हणजे एक शीट, आणि एक शीट एका माणसाकडे. काठावरची अरुंद पट्टी दोघांपैकी कुणी काढायची ते शेजारच्या टेबलांनी आपसात तोंडी ठरवायचं. दोन्ही शीटा पुऱ्या झाल्या की त्या एकमेकींना लावून ठेवायच्या, इकडचा रस्ता तिकडे पुढे जातोय ना ते बघायचं, आणि मग खाली 'काठ जुळवले' असं लिहून सही करायची.

"मी लग्नाची रजा घेतली होती," ते म्हणाले. "जाताना शेजारच्याला म्हटलं, काठ तू घे. तो म्हणाला, बघतो. आठ दिवसांनी आलो तर त्याची बदली झालेली. दोन्ही शीटा शाईत पुऱ्या दिसत होत्या. साहेब म्हणाले, करा सही, आज पाठवायच्यात. मी केली."

"लावून बघितल्या नाहीत?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम होतं बाई."

वहिनींनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "म्हणजे माझ्या लग्नात गल्ली गेली म्हणायची." एरवी ते हसले असते.

एवढ्यावर राहिलं असतं तर ती एक जुनी चूक झाली असती, आणि जुन्या चुका माणसं सांभाळतात. पण त्या भागातून नवा रुंद रस्ता जाणार होता. अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांना कागद आले होते. ज्यांची घरं जाणार त्यांना दुसरीकडे घरं मिळणार होती. या एकोणीस घरांना कागद आला नव्हता. काजमावशी खुशीत होती. "आमच्यावर कुणाची नजरच नाही," तिने त्यांना सांगितलं होतं. "देवाची नाही, सरकारची नाही. सुखी आहोत."

पट्टीकाकांनी रस्त्याचा आराखडा भिंतीवर लावलेला पाहिला होता. रस्ता थोडा डावीकडून किंवा उजवीकडूनही गेला असता. तो बरोबर त्या पट्टीतून काढला होता, कारण नकाशात ती पट्टी मोकळी होती.

त्या दिवसापासून त्यांचं फिरणं थांबलं आणि कचेरीचे खेटे सुरू झाले. गल्ली नकाशात घ्यावी असा अर्ज माझ्या अक्षरात लिहिला, कारण ड्राफ्ट्समन असूनही त्यांचा हात आता कापायचा. त्यात त्यांनी स्पष्ट लिहायला लावलं: चूक माझी आहे. मी एकदा त्यांच्याबरोबर कचेरीत गेले. ज्या खोलीत ते चौतीस वर्षं बसले होते तिथे आता टेबलांच्या जागी संगणक होते. नवे साहेब तरुण होते, आणि उद्धट अजिबात नव्हते. उठून त्यांनी खुर्ची दिली. जुनी शीट पडद्यावर आणली, मोठी केली, आणि खालचा कोपरा दाखवला.

"काका, इथे 'काठ जुळवले' लिहिलंय. खाली सही आहे."

"ती माझीच सही आहे."

"मग झालं तर."

"अहो, पण ती खोटी आहे. मी न बघता केली."

"सही खोटी कशी असेल? तुमचीच आहे म्हणताय." साहेबांनाच अवघडल्यासारखं झालं. "मोजणीदाराची मूळ वही असेल तर बघता येईल."

त्या वह्या नकाशे पक्के झाल्यावर रद्दीत गेल्या होत्या. रद्दीच्या यादीवरही यांचीच सही होती. शेजारच्या टेबलाचा मित्र वारून सहा वर्षं झाली होती. पट्टीकाकांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यांनी ती गल्ली पावलांनी मोजून काढली होती: एकोणीस घरं, दोन नळ, एक वळण. हात कापत होता तिथल्या रेषा दोनदा गिरवल्या होत्या.

साहेबांनी तो कागद बराच वेळ पाहिला. "सुंदर आहे काका. पण पावलांचं माप चालत नाही. यंत्राने मोजणी व्हायला हवी. अर्ज रांगेत लावतो." रांगेतून तारीख मिळाली ती चार महिन्यांनंतरची. रस्त्याचं काम दोन महिन्यांत सुरू व्हायचं होतं.

ते वरच्या साहेबांकडे गेले, रस्त्याच्या खात्यात गेले, एका वर्तमानपत्राच्या कचेरीतही गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "आजोबा, तुमचं घर आहे का त्यात?" नाही म्हटल्यावर त्याने वही मिटली. प्रत्येक ठिकाणी त्यांना पाणी विचारलं गेलं. इतका मान त्यांना नोकरीतही मिळाला नव्हता.

गल्लीत त्यांनी अजून खरं सांगितलं नव्हतं. लोक त्यांना कुणीतरी भला माणूस समजत होते, बसायला स्टूल देत होते. वहिनी म्हणाल्या, "सांगून टाका. मार बसला तर बसला. निदान झोप तरी लागेल." पट्टीकाकांनी मला बरोबर यायला सांगितलं.

काजमावशीच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. लग्नाची रजा, शीट, सही. ती सुई चालवत ऐकत होती. मला वाटलं आता ओरडेल, शिव्या देईल. पट्टीकाका तर त्याचीच वाट बघत होते. तिने दाताने दोरा तोडला.

"मग आता काढा की," ती म्हणाली. "तुम्हाला येतं ना काढायला?"

मी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले. ज्याला उत्तर येतं पण देता येत नाही असा चेहरा मी त्या दिवशी पाहिला.

यंत्र लवकर आलं, पण ते मोजणीचं नव्हतं, बुलडोझर होता. सकाळी नऊची वेळ होती. आम्ही दोघंही तिथे होतो, कारण पट्टीकाका तेव्हा रोजच जात आणि मी त्यांना एकटं सोडायला घाबरत होते. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाने आधी फटीतून डोकं आत घातलं, हातातला कागद पाहिला, पुन्हा आत पाहिलं.

"इथे घरं आहेत," तो आमच्याकडे बघून म्हणाला.

"एकोणीस," पट्टीकाका म्हणाले.

त्याने फोन लावला. बराच वेळ हो साहेब, हो साहेब करत होता. मग फोन खिशात टाकून आमच्याकडे न बघता म्हणाला, "कागदावर मोकळी जागा आहे. जागेवर काही असेल तर तो अडथळा धरायचा." लोकांना सामान काढायला त्याने दुपारपर्यंत वेळ दिला. तो त्याच्या अधिकारातला नव्हता, हे नंतर कळलं. पट्टीकाका माणसामागे माणूस गाठून कुठे जाणार ते विचारत होते, पेन्सिलीने लिहून घेत होते. कुणी म्हणालं भावाकडे, कुणी म्हणालं बघू. काजमावशी शर्टांचं गाठोडं डोक्यावर घेऊन म्हणाली, "बहिणीकडे." बहीण कुठे राहते ते विचारायच्या आत ती फटीतून बाहेर पडली होती. दुपारनंतर गल्ली सपाट झाली. सरकारदरबारी या लोकांची यादीच नव्हती, त्यामुळे मागाहून कुणाला शोधायचं तर कुठून, हा प्रश्न होता. मग ठरल्या तारखेला मोजणीचं यंत्र आलं आणि डांबराचा रस्ता मोजून गेलं.

पट्टीकाका पुन्हा फिरायला लागले. मंगळवारी आणि शुक्रवारीच नव्हे, रोज. शहरातल्या कानाकोपऱ्यांतल्या शिवणाच्या कारखान्यांत जाऊन ते काजं करणाऱ्या बाईची चौकशी करत. तशा बाया पुष्कळ होत्या. कुठल्या नव्या जिन्याची, कुठल्या गल्लीची गोष्ट आता येत नसे. "पूर्वी बोलता बोलता बूट काढायचे," वहिनी एकदा मला जिन्यात म्हणाल्या, "आता नुसतेच काढतात."

सहा वर्षं त्यांनी शोधलं. एकोणिसांपैकी एकाही घरातलं माणूस सापडलं नाही. मग एका दुपारी ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका बंद दारापाशी उभे असलेले सापडले. कुठून आलो, कसं परत जायचं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. पिशवीत ती गल्लीची घडी केलेली शीट होती. तिच्या खाली काहीच लिहिलेलं नव्हतं, सहीही नव्हती. ज्याने त्यांना रिक्षात घालून आणलं त्याला पत्ता वहिनींनी डब्याच्या झाकणाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरून मिळाला.

हल्ली ते एकटे बाहेर पडत नाहीत. रोज सकाळी वहिनींच्या बरोबर, त्यांच्या गुडघ्यांच्या चालीने, कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापर्यंत जातात आणि त्याच रस्त्याने परत येतात.