मळ्यातल्या बायकांची मतदान कार्डं

ती घटना घडून काही वर्षं झाली, आता मी निवृत्तही झालो. पण मतदानाचा दिवस आला की ती हटकून आठवते.

भातकुली तालुक्यातल्या एका गावात मी बंदोबस्ताचा प्रभारी होतो. मतदान केंद्र शाळेत होतं. केंद्राध्यक्षांनी बोलावल्याशिवाय पोलिसाने आत जायचं नसतं, म्हणून मी फाटकापाशी उभा होतो. तीनच्या सुमारास भाजी विकणारी एक म्हातारी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, कारड नसन तं मत देता येते काय?"

"कार्ड कुठे गेलं, आजी?"

"भाऊनं नेलं काल. आधारबी नेलं. म्हणे तपासाले पाठवा लागते. आमच्या मळ्यातल्या समद्या बायांचं नेलं."

गावाबाहेरच्या मळ्यात भाजी-फुलं पिकवणारी कुटुंबं राहत. तिथल्या बायकांची मतं आपल्याला पडणार नाहीत, अशी एका स्थानिक पुढाऱ्याला खात्री होती. हा 'भाऊ' त्याचा उजवा हात.

माझे हवालदार म्हणाले, "साहेब, मतदान निपटू द्या. मग पाहू."

"मग पाहून काय उपयोग? त्यांचं मत आज आहे."

दोन पंच घेऊन आम्ही भाऊचं घर गाठलं. तो बाजेवर निवांत बसला होता.

"मी काहून नेऊ कोणाचे कार्डं? त्या बाया खोटं बोलून राहिल्या."

खोटं बोलणाऱ्याला घाई करायची नसते. काल संध्याकाळी कुठे होतास, हे मी फिरवून फिरवून विचारलं. आधी तो शेतात होता, मग अमरावतीला. तरी कबूल होईना. शेवटी मी सहज विचारलं, "घरातल्या सगळ्यांचं मतदान झालं?"

"झालं."

दाराआडून त्याची बायको बाहेर आली. शाई नसलेलं बोट तिने माझ्यापुढे धरलं. "माहं नाही झालं, साहेब. त्याच मळ्यातलं माहेर माहं, म्हणून माहंबी कार्ड काढून घेतलं. आत तुरीचं पोतं हाये, त्यात पाहा."

तो तिच्यावर ओरडला. ती जागची हलली नाही.

पोत्यात रबर लावलेले गठ्ठे सापडले. खरी अडचण पुढेच होती. मुद्देमाल म्हणून कार्डं सील केली असती, तर बायकांचं मत बुडालंच असतं. साडेचार वाजले होते. कार्डं आत्ताच परत देतो, असं सांगायला वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "पुरावा हातचा जाईल. आरोपीचा वकील तुम्हाला सोडणार नाही."

"जबाबदारी माझी, सर."

प्रत्येक कार्डाचा फोटो काढला, नंबर पंचनाम्यात घेतले, पंचांच्या सह्या झाल्या. मग मळ्यात जाऊन सही-अंगठा घेत कार्डं जिची तिला दिली. बायका हातातलं काम टाकून निघाल्या. सहाला मतदानाची वेळ संपली आणि रांगेत असलेल्यांनाच मत देता यावं म्हणून केंद्राध्यक्षांनी रांगेच्या शेपटापासून चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हा त्या सगळ्या रांगेत होत्या. भाऊची बायकोही होती.

पुढे कोर्टात त्याच्या वकिलाने मला धारेवर धरलंच. 'मुद्देमाल परत का केला?' मी कारण सांगितलं. मग त्या बायका एकीमागून एक साक्षीला उभ्या राहिल्या. एकही फिरली नाही. भाऊला शिक्षा झाली.

गुन्हा सिद्ध करायचं आम्हाला शिकवलेलं असतं. पण ज्याचं हिरावलं गेलं, त्याला ते वेळेत परत मिळवून देणं हे त्याच्याही आधीचं काम. हे मला प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही. त्या दुपारी कळलं, आणि उरलेली नोकरी मी त्याच हिशेबाने केली.