सिनेमा संपल्यावर काकू बोलली

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आम्ही सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. दिल्लीतल्या मराठी लोकांत बाबांचं नाव ‘स्वच्छ माणूस’ म्हणून घेतलं जायचं. दिवाळीत कंत्राटदारांकडून आलेले मिठाईचे डबे ते दारातूनच परत पाठवत. लहानपणी गॅलरीत उभी राहून मी काजूकतलीचा डबा जिना उतरून जाताना बघितलेला आहे, आणि त्या वेळी मला बाबांचा अभिमान वगैरे मुळीच वाटला नव्हता. तो पुढे कॉलेजात वाटायला लागला. मग इतका वाटायला लागला की मी मैत्रिणींसमोर बाबांचीच वाक्यं माझी म्हणून बोलायचे.

त्या वर्षी मराठी मंडळाने कस्तुरबा गांधी मार्गावरचं एक सभागृह घेऊन एक जुना, गाजलेला मराठी चित्रपट दाखवला. सिनेमानंतर प्रेक्षकांनी आपलं मत मांडायचं, असा कार्यक्रम होता. गोष्ट दोन मित्रांची. दुष्काळी भागात कालवा यावा म्हणून दोघं मिळून झगडतात. त्यातला एक, शाळामास्तर, निवडून येतो, चढत चढत मंत्री होतो आणि शेवटी त्याच्याच सहीने कालवा बड्या बागायतदारांच्या जमिनीकडे वळतो. दुसरा मित्र कचेरीसमोर उपोषणाला बसतो. शेवटच्या प्रसंगात मंत्र्याची गाडी तिथून जाते. मित्र मान वर करून बघतो. मंत्री गाडीची काच सावकाश वर घेतो. गाडी निघून जाते, धूळ उडते, आणि सिनेमा संपतो.

दिवे लागले तेव्हा मी रडत होते. आजूबाजूला मात्र लोक स्वेटर नीट करत, बटाटेवडे मिळणार का याची चौकशी करत होते.

मग मतं सुरू झाली. पहिले उठले ते एक निवृत्त उपसचिव. म्हणाले, “मुळात मंत्र्याने फायलीवर असा स्पष्ट शेरा मारायलाच नको होता. ‘चर्चा करावी’ एवढं लिहून फाईल खाली पाठवली असती तर प्रश्न आला नसता.” लोक हसले, पण ते गंभीरपणे बोलत होते. एक बाई म्हणाल्या की मंत्र्याच्या बायकोचे सुरुवातीचे हाल बघवत नव्हते, तिला शेवटी बंगला मिळाला तेव्हा आपल्याला बरंच वाटलं. एक तरुण इंजिनिअर म्हणाला, “कालवा वळवला हे मान्य. पण बांधला तर ना? आमच्या गावात अजून सर्व्हेच चाललाय, यार.”

मला राहवलं नाही. मी उठले आणि थरथरत्या आवाजात बोलले. या सिनेमाचा खरा नायक तो उपोषणाला बसलेला माणूस आहे, तो कोणाला विकला गेला नाही, आणि आपण सगळे गाडीत बसून काच वर घेणारे आहोत, असं काहीतरी. भरपूर टाळ्या पडल्या. मी बसले आणि बाबांकडे बघितलं. वाटलं होतं, ते नुसती मान हलवतील. तेवढंही मला पुष्कळ झालं असतं.

बाबा उभे राहिले. ते सभेत कधी बोलत नसत, म्हणून हॉल शांत झाला.

“माझ्या मुलीचं मत मला मान्य नाही,” ते म्हणाले. “उपोषणाला बसलेला तो माणूस मला या सिनेमातला सगळ्यात आपमतलबी माणूस वाटला. मंत्री लबाड आहे, पण त्याला निदान काय हवंय ते कळतं. या दुसऱ्याला फक्त मोठं व्हायचंय. घरात कोण आहे, आपण गेल्यावर त्यांचं काय होईल, याचा त्याने एकदाही विचार केलेला नाही. अशा माणसासमोर गाडी थांबवून करायचं काय? मंत्र्याने काच वर घेतली ते बरोबर केलं.”

एवढं बोलून ते खाली बसले. कोणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले. मी अक्षरशः सुन्न झाले होते. वडे आले, लोक उठले, पण माझ्याने उठवेना. ज्या माणसाच्या जोरावर मी ते सगळं बोलले होते, त्याच माणसाने भर सभेत ते पुसून टाकलं होतं.

बसमध्ये बाबा पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही.

“तुम्ही असं कसं बोलू शकता, बाबा? तुम्ही?”

ते वाकून बुटांचे बंद सोडत राहिले. आईच म्हणाली, “अहो, सांगा तिला आता. लहान नाहीये ती.”

बाबा खुर्चीत बसले. “तुझे काका तापाने गेले नाहीत,” ते म्हणाले.

मला लहानपणापासून एवढंच माहीत होतं की बाबांना एक मोठा भाऊ होता, तो तरुणपणीच तापाने गेला, आणि नगरकडे गावी राहून बालवाडी चालवणारी आमची काकू ही त्याची बायको. घरात त्याचा फोटो नव्हता आणि आमचं गावी जाणंही फारसं नव्हतं. का नव्हता, असं मी कधी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी कळलं की काका उपोषणाने गेला. दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी मध्येच खाल्ली जात होती. ठेकेदाराला ज्याने पाठीशी घातलं तो आमदार काकाचा जिवलग मित्र. काकाने त्याच्याच प्रचारासाठी गावोगाव सायकल मारली होती. काका तालुक्याच्या कचेरीसमोर बसला. मित्र आला नाही. काकाची मूत्रपिंडं निकामी झाली आणि इस्पितळात त्याचा जीव गेला. बाबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. काकूच्या लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

“सगळ्यांनी त्याला देव केलं,” बाबा म्हणाले. “चौकाला त्याचं नाव दिलं. मी त्याच्यावर रागावलोय हे कोणाला सांगायची सोय नव्हती. त्याने उठायला हवं होतं. एक पेला दूध घेऊन उठायला हवं होतं. पण त्याला उठायचंच नव्हतं.”

मी त्यांच्याशी वाद घालू शकले नाही. पण पटलंही नाही. पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघं एकमेकांशी जपून बोलत होतो. मंडळात काही लोक बाबांना टाळायला लागले. ‘आतून हेही तसलेच निघाले’, असं कोणीतरी म्हटल्याचं आईच्या कानावर आलं. बाबांनी कोणाला खुलासा केला नाही.

पुढच्या हिवाळ्यात काकू दिल्लीला आली. आई दरवर्षी बोलवायची, ती दरवर्षी टाळायची. या वेळी आली, येताना हुलग्याचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. तिला बघताना आता मी वेगळीच अवघडत होते. सारखं वाटायचं, हिला काहीतरी विचारावं, आणि विचारायची हिंमत व्हायची नाही.

त्या काळी टीव्हीवर रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतले चित्रपट लागत. त्या रविवारी नेमका तोच सिनेमा होता. बाबांनी सकाळीच पेपरात वाचलं आणि आईला हळूच म्हणाले, “आज दुपारी टीव्ही नको.” पण काकूला शेजारच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं.

“का हो भाऊजी? मराठी सिनेमा आहे म्हणे. लावा की. इथे आल्यापासून सगळं हिंदीच ऐकतेय.”

बाबांना कारण सांगता येईना. टीव्ही लागला. काकू खाली चटईवर मटाराच्या शेंगांचा ढीग घेऊन बसली. आई तिच्या शेजारी, मी पलंगावर. बाबा खुर्चीत पेपर उघडून बसले, पण पान काही उलटलं नाही. उपोषणाचा प्रसंग आला तेव्हा माझं सगळं लक्ष काकूच्या हातांकडे होतं. ते थांबले नाहीत. शेंग फोडायची, दाणे ताटात, साल बाजूला. काच वर गेली. गाडी गेली. बाबा उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

मी मूर्खासारखं विचारलं, “काकू, कसा वाटला?”

“चांगला होता,” ती म्हणाली. “पण त्या उपोषणवाल्याची बायको नाही दाखवली कुठे. आणि त्याच्याभोवती माणसं किती कमी. अशी नसतात. गर्दी असते. ती गर्दीच उठू देत नाही.”

बाबांनी वळून बघितलं. “म्हणजे?”

काकूने ताट बाजूला सरकवलं.

“त्यांना उठायचं होतं, भाऊजी.”

बाबा उभेच राहिले.

“त्या शेवटच्या संध्याकाळी मी गेले तर मला जवळ बोलावून म्हणाले, आता होत नाही गं, दूध आण. मी घरी पळत गेले. दूध तापवलं, तांब्यात घातलं, पदराखाली झाकून आणलं. मंडपात शिरतेय तर दोघं-तिघं आडवे आले. वहिनी, आज नको म्हणाले. उद्या सकाळी मुंबईहून पेपरवाले येतायत. एवढं सोसलं, आता एका रात्रीने काय होतंय? मी म्हटलं, अहो, ते स्वतः मागतायत. तर म्हणाले, हळू बोला, लोक ऐकतील.”

“आणि दादा?” बाबांचा आवाज मला ओळखू आला नाही.

“ते बघत होते. माझ्याकडे, तांब्याकडे. हात पुढे करत होते. तेवढ्यात बाहेर पोरांनी घोषणा सुरू केल्या. त्यांचं नाव घेऊन, अमर रहे, अमर रहे. जिवंत माणसाला! ते ऐकलं आणि ह्यांनी हात मागे घेतला. मान हलवली. डोळे मिटून पडून राहिले.”

आईने तोंडाला पदर लावला होता. बाबांनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाले, “त्या घोषणा मी देत होतो.”

“ठाऊक आहे मला,” काकू म्हणाली. “तुमचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि त्यानेच माझ्या अंगावर काटा आला. मला एकदम त्या सभागृहातलं माझं भाषण आठवलं, माझा थरथरता आवाज, त्या टाळ्या.

“इतकी वर्षं तुम्ही हे सांगितलं नाहीत, वहिनी?”

“काय सांगणार? तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही शिकला असतात का, नोकरी केली असतीत का? तुम्ही ह्यांच्यावर रागावून दिल्ली गाठलीत. मला वाटलं, ठीक आहे, राग तर राग. निदान त्या लोकांतून सुटले.”

“आणि तुम्ही?”

“मी कुठे जाणार होते?” काकूने ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

बाबा स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी मागून गेले, पण त्यांना हात लावायचा धीर झाला नाही. आयुष्यभर ते ज्याच्यावर रागावले होते तो माणूस त्या दुपारी त्यांच्या हातून निसटला होता, आणि त्याच्या जागी एकोणीस वर्षांचे ते स्वतः, गळा ताणून ओरडणारे, उभे राहिले होते. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मला फक्त त्यांचे खांदे दिसत होते.

संध्याकाळी ते जेवणार नाही म्हणाले. काकूने त्यांचं ताट वाढून समोर आणून ठेवलं. “जेवा,” ती म्हणाली. “घरात आता कोणाचे उपास नकोत मला.” बाबा जेवले. मटार-भात होता. एकेक घास खाली उतरायला त्यांना वेळ लागत होता आणि काकू समोरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बाबांनी रजा टाकली. बाबांनी कारण नसताना रजा टाकणं आमच्या घरात न घडणारी गोष्ट होती. ते काकूला इंडिया गेट दाखवायला घेऊन निघाले, आणि मीही कॉलेज बुडवून बरोबर गेले. ऊन छान पडलं होतं. हिरवळीवर बसून आम्ही शेंगदाणे खात होतो. पहिला अर्धा तास ते दोघं इकडचंतिकडचं बोलत राहिले, बालवाडीचं छप्पर, गावातली विहीर. मग बाबांनी विचारलं, “वहिनी, दादा घरी कसा होता हो? म्हणजे तुमच्याशी?”

काकू जरा लाजली. पन्नाशीच्या जवळ आलेली बाई, पण लाजली.

“घाबरट होते,” ती म्हणाली. “पाल दिसली की मला हाक मारायचे. कचेरीतल्या मामलेदाराला घाबरत नसत, पण पालीला घाबरायचे.”

“हो, हो!” बाबा म्हणाले. “आणि शिट्टी वाजवायचा. वडील घरात नसले की.”

“ती शिट्टी? एक सूर लागेल तर शपथ.”

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, रुमालाने डोळे पुसले आणि पुन्हा हसले. काकू पुढचं सांगायला लागली, काकाने एकदा पोळ्या करायला घेतल्या होत्या त्याचं, आणि मी शेंगदाण्यांची पुडी मांडीवर धरून माझ्या काकाबद्दल पहिल्यांदाच ऐकत बसले.