मोहाखालचं जपानी गाणं

मोहाच्या दिवसांत आमच्या गावाशेजारच्या जंगलात पहाटेपासून बायकांचे आवाज सुरू होतात. मोहफुलं वेचताना गप्प राहायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. खाली वाकलेली बाई वाघाला जनावर वाटते, म्हणून इथे माणूस आहे हे त्याला सतत ऐकू गेलं पाहिजे. कुणी भजन म्हणतं, कुणी भीमगीत. आमची शेजारीण तर आपल्या सुनेशी तासभर भांडते. सून घरी निवांत झोपलेली असते.

मला असं ओरडून बोलायला कधी जमलं नाही. मी जपानी गाणं म्हणते.

ते मला चंद्रपूरला कॉलेजात असताना सापडलं. होस्टेलमधली मैत्रीण एक जपानी कार्टून मालिका बघायची, प्रत्येक भागाच्या शेवटी ते लागायचं. मालिका मला कळली नाही, आवडलीही नाही. पण गाण्याला मी जी चिकटले ती चिकटलेच. मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरी लागली, मैत्रिणीचं लग्न झालं, मोबाइल बदलले, गाणं राहिलं. त्याचा अर्थ मी मुद्दाम शोधलेला नाही. एकदा रिसॉर्टवर आलेल्या एका जपानी पाहुण्यानं सांगू का म्हणून विचारलं, तर मी घाईघाईनं विषय बदलला. उगाच कळायचं, की बाई साबणाची जाहिरात करतेय. मला त्यात धुकं दिसतं, लांब कुठेतरी पाणी, आणि कुणीतरी सावकाश चालत येतंय. तेवढं मला पुरे आहे.

पहाटेच्या मोहाखाली तर ते दिसतंच. आदल्या दिवशी झाडून ठेवलेल्या जमिनीवर फुलं एकेक करून पडत असतात. त्यांच्या गोड, जड वासानं डोकं हलकं होतं. उजेड अजून पुरता आलेला नसतो. मी वेचते, गाते, आणि आपण नेमक्या कुठल्या देशात आहोत हे काही वेळ मलाच सांगता येत नाही.

आमची दोन झाडं नाल्याच्या दोन बाजूंना आहेत. एकाखाली आई, एकाखाली मी. मधे दाट बांबू, त्यामुळे एकमेकींना दिसत नाही. गाण्यात शेवटच्या ओळीआधी एक जागा आहे. तिथे गायिका थांबते आणि वाद्यंही थांबतात. मी सगळं गाणं त्या जागेसाठी म्हणते. आणि बरोबर तिथेच पलीकडून आईची हाक यायची, "हायेस का वो?" असा राग यायचा! दुसरीकडे कुठेही हाक मार, असं तिला सांगून पाहिलं. ती हो म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गेल्या मोसमात पलीकडच्या गावातली एक बाई मोह वेचायला गेली, ती परत आली नाही. काही दिवस कुणी जंगलाकडे फिरकलं नाही. मग सगळ्या गेल्या, कारण मोह पडायचा थांबत नाही. नेमका तेव्हाच माझा घसा बसला. आई घरी राहा म्हणाली, पण तिला एकटीला कसं पाठवणार? टोपलीवर काठी वाजवत राहीन म्हटलं. पण दोन्ही हातांनी वेचायचं तर वाजवायचं कधी? थोड्याच वेळात माझ्या बाजूला नुसती शांतता. फूल पडल्याचं ऐकू यायला लागलं, आणि त्या झाडाखाली मला पहिल्यांदा भीती वाटली.

तेवढ्यात नाल्यापलीकडून माझं गाणं आलं. आईच्या आवाजात, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून. शब्द तिच्या पद्धतीचे, चाल मात्र जिथल्या तिथे. एक कडवं झालं, दुसरं झालं. थांबायची जागा आली, तिथे ती थांबलीच नाही. मी काठी वाजवली की तिचा सूर जरा खाली यायचा, मग पुन्हा चढायचा. टोपल्या भरेपर्यंत माझ्या वाटणीचा आवाज तिनंच दिला.

परतताना उरल्यासुरल्या आवाजात मी तिला विचारलं, कधी शिकलीस? मला वाटलं होतं, तिलाही ते आवडत असेल.

"शिकतो कुठी वो," ती म्हणाली. "तू गाऊन रायली का मले समजते, पोरगी हाय. इतके वर्सं एकएक शब्द कान देऊन आयकला, मंग पाठ नाई होईन का?"

मी तिथेच रडायला लागले. तिला वाटलं, घसा दुखतोय.