घाटाखालची हळद

सांगायचं ते एवढंच, की हळद मी टाकली होती. गेल्या महिन्यापर्यंत, इतकी वर्षं, हे कोणापाशी बोललो नव्हतो, बायकोपाशीही नाही.

लढाईच्या आधी शहाद्याहून धडगावला जाणारी सर्व्हिस मोटार मी आणि माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आळीपाळीने चालवायचो. घाट लागण्याआधी रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड आहे. मेहुणा तिथे थांबे, दगडाला हळद लावी, मोटारीच्या नाकाला लावी आणि मगच चढे. हळदीचा पुडा कायम सीटखाली असायचा. माझा त्यावर विश्वास नव्हता. मी नुसता हॉर्न वाजवून पुढे जायचो.

त्या उन्हाळ्यात रेडिएटर खालच्या सांध्यात पाझरायला लागला. मोटारीचे मालक शेठ म्हणाले, उतरव आणि नंदुरबारहून डाग देऊन, झाळून आण. लग्नसराई होती. रोज धूळ, रोज ऊन, वर वऱ्हाड्यांची कटकट. अंगात त्राण नव्हतं. बोट कापलं तर आपण हळदच दाबतो, असा विचार मी केला. खोटं कशाला सांगू, विचारसुद्धा फार केला नाही. मेहुण्याच्या पुड्यातली मूठभर हळद रेडिएटरमध्ये ओतली आणि शेठना सांगितलं, झाळून आणला.

पाझर थांबला. मला बरंच वाटलं.

मग चढावर पाणी उकळायला लागलं. पाणी काठोकाठ, पट्टा घट्ट, पंखा फिरतोय, तरी झाकणातून वाफ. एकदा धडगावला पोचल्यावर मी जाळीवर हात ठेवला. वरती चटका बसला. हात खाली सरकवत नेला, तर खालची जाळी गार. म्हणजे वरचं गरम पाणी नळ्यांतून खाली उतरतच नव्हतं. नळ्या तुंबल्या होत्या. कशाने, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी मेहुण्याची. हँडल हातात घेताना त्याने विचारलं, "दाजी, गाडी कशी शे?"

"बरी शे," मी म्हणालो.

अर्ध्या घाटात इंजिनाचं हेड तडकलं. उतारू पायी वर गेले. मोटार बैल लावून खाली आणली. शेठनी रेडिएटरची तळची चावी सोडली, तर पिवळा गाळ.

"हळद कोनी टाकी? मोटारनं लगीन लाई ऱ्हायनात का तुम्ही?" शेठ म्हणाले. भोवतालचे लोक हसले. मग त्यांनी सीटखालून पुडा काढला. "आनि हाऊ पुडा कोना?"

"मन्हा शे, शेठ," मेहुणा म्हणाला.

खोटं नव्हतंच ते. मी टायरकडे बघत उभा राहिलो. शेठनी त्याला तिथेच काढून टाकलं. तो ब्राह्मणपुरीला भावांच्या शेतावर गेला. स्टेअरिंगला परत कधी हात लावला नाही, कुणी लावूही दिला नाही.

आता लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मी कोळशावर चालणारी मोटार हाकतो. गेल्या महिन्यात ब्राह्मणपुरीजवळ पाणी भरायला थांबलो, तर तो बांधावरून येताना दिसला. केस पिकलेत. मी सांगून टाकलं. मोठं काही बोललो नाही, हळद मी टाकली होती, एवढंच म्हणालो.

"माले माहित शे," तो म्हणाला. "पुडा मीच बांधू, मीच सोडू. चिमूटभर कमी व्हयना तरी माले समजस. तठे तर मूठभर गयेल व्हती."

"मग शेठसमोर बोलना का नही?"

"मन्ही बहीन तुम्हना घर शे."

मला वाटलं आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, शेठकडे जातो, खरं काय ते सांगतो, तुला परत घेतील. तो म्हणाला, "आते ऱ्हाऊ द्या. मन्हा हातले आते कासराच बरा वाटस."

मी निघायला लागलो तेव्हा तो मोटारीच्या पुढे आला. जाळीवर वरच्या बाजूला हात ठेवला, मग सावकाश खाली नेला, आणि तिथे जरा वेळ तसाच ठेवला.

"खालेबी गरम शे," तो म्हणाला. "जा आते."